पाचवा बाण

सकाळी साडेआठ वाजता नंदुरबारजवळच्या कोरीट गावातल्या आपल्या घराच्या गच्चीवर हेमकांत डोळे मिटून उभा होता. डाव्या हातात बांबूचं कामठं, म्हणजे धनुष्य, आणि उजव्या हाताची दोन बोटं दोरीवर. समोर जिन्याच्या खोलीच्या भिंतीला केळीच्या सुक्या पानांनी भरलेलं पोतं टांगलेलं होतं. अंतर सात मीटर, टेपने मोजलेलं. नंदुरबारच्या एका कॉलेजात तो भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता आणि मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तिरंदाजीच्या वहीतसुद्धा तारीख, वारा, ओढ किती सेंटिमीटर, असे रकाने होते. शेवटचा रकाना 'धोका'. त्यात त्याने पहिल्या दिवशी 'नगण्य' लिहिलं होतं.

कामठं आणि पाच बाण त्याने दोन महिन्यांपूर्वी मोलगीच्या बाजारात धुडकूदादाकडून घेतले होते. लोखंडी टोकाचे बाण, बघूनच अंगावर काटा यावा असे. "दादा, मारायची बरोबर पद्धत कुठली?" असं हेमकांतने विचारलं, तेव्हा धुडकूदादाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं होतं. तो सगळ्यांनाच 'तू' म्हणत असे, तहसीलदारालाही.

"माझी मूठ, माझी पकड, तुला कशी देऊ? ज्याची त्याला सापडते."

"किती दिवसांत सापडते?"

"सापडेपर्यंत. एकदा बाण लावून मार, एकदा रिकामं ओढ. रिकामं ओढलं की हळूच परत आण. सोडू नको मात्र. कामठं तुटतं."

हेमकांतने हे सगळं लिहून घेतलं. पण तिसऱ्याच दिवशी दोरीचा फटका कानशिलावर बसला, आणि तेव्हापासून त्याचे डोळे आपोआप मिटू लागले. आधी बाण सोडताना, मग ओढताना, आणि आताशा कामठं उचलल्यापासूनच. या भीतीला त्याने वहीत 'स्वतःची शैली' असं नाव दिलं होतं. आज अकरा वाजता धुडकूदादा ती शैली बघायला येणार होता. नातवाच्या दाखल्यासाठी तो नंदुरबारला उतरणार होता आणि तिथून कोरीटला येणार होता.

हेमकांतने डोळे मिटून दोरी कानापर्यंत ओढली. तेवढ्यात जिन्यातून कामिनीची, त्याच्या बायकोची हाक आली.

"काय हो, चहा निवी ऱ्हायना."

तो दचकला आणि बोटं सुटली. दोरी एवढ्या जोरात वाजली की कबुतरं उडाली. त्याने डोळे उघडले. पोत्यात चार बाण होते. बाण ठेवायच्या बादलीत एकही नव्हता. पोत्याखाली नाही, भिंतीत नाही, गच्चीवर कुठेच नाही.

बाण लावून मारायची पाळी होती की रिकामं ओढायची, हे त्याला काही केल्या आठवेना. कुलूप लावलं की नाही, असं वाटतं ना, तसं. पण बोटांपेक्षा त्याचा हिशेबावर विश्वास होता. पाचातून चार गेले, उरला एक, आणि तो इथे नाही. म्हणजे तो जिन्याच्या खोलीवरून पलीकडे, गावात गेला. आवाज नेहमीच्या तिप्पट होता, म्हणजे वेगही तसाच असणार. त्याने कागदावर आकडे मांडले. पंचेचाळीस अंशांचा कोन धरला तर एकशे चाळीस मीटर. मोबाइलवरच्या नकाशात त्याने घराभोवती तेवढं वर्तुळ काढलं. वर्तुळात रतिलालकाकांची पाण्याची टाकी होती, हिलालचा म्हशीचा गोठा होता, आणि बरोबर काठावर जमनाबाईची खाट होती. ऐंशी वर्षांची जमनाबाई रोज सकाळी ऊन खात त्या खाटेवर पडलेली असे.

चहा तसाच ठेवून तो बाहेर पडला. सरळ विचारायची सोय नव्हती. रतिलालकाका दारातच उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"काका, सगळं बरं शे ना?"

"काय बरं शे? टाकी गळी ऱ्हायनी. भोक पडी गयं."

हेमकांतने विचारलं, "आरपार?"

"आरपार कशी व्हई? टाकी शे ती, पापड नही." काकांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "पन तुले आरपार कसं सुचनं? मी ते नुसतं भोक सांगं."

हेमकांत काहीतरी पुटपुटून निघाला तो जवळजवळ पळतच. टाकीला एक भोक, म्हणजे बाण आत असेल किंवा टाकीला चाटून पुढे गेला असेल. पुढे हिलालचा गोठा, त्यापुढे खाट. तिन्ही ठिकाणं नकाशावर एका रेषेत होती. एवढी सरळ रेषा त्याला प्रयोगशाळेत कधी मिळाली नव्हती.

खाट रिकामी होती. खाली जमनाबाईच्या चपला तशाच. खाटेवरच्या पांढऱ्या गोधडीवर लाल डाग होते, एक मोठा, चारपाच लहान.

सवयच तशी, हेमकांतने मोठ्या डागावर बोट टेकवून बघितलं. कोरडा होता. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तो त्याने त्याच हाताने पुसला. आणि एका क्षणात दोन्ही डोळ्यांत आग पेटली. जमनाबाई खाटेवर बसून मिरच्यांची देठं खुडत असे, हे त्याला आठवलं. डाग मिरचीचे आहेत, या आनंदात त्याला नीट हसताही येईना. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंडातून हुंदक्यांसारखे आवाज येत होते.

गोठ्यातून हिलाल बाहेर आला. "काय व्हयनं भो? जमनामाय कथी शे?"

"बाण," हेमकांत म्हणाला. "मन्हा बाण..." पुढे त्याला खोकला आला.

एवढं पुरलं. पाच मिनिटांत खाटेभोवती गल्ली जमली. कोणी बाण पाहिला नव्हता, पण रिकामी खाट सगळ्यांना दिसत होती. रतिलालकाका आले आणि त्यांनी टाकीचं भोक कुठल्या बाजूला आहे ते सांगितलं. हिलालला आठवलं की सकाळी म्हशीने पान्हा चोरला होता. "घाबरी गयथी बिचारी. कानपासूनच गया व्हई."

"पहिले टाकी," काका हाताने रेषा काढत म्हणाले, "मंग म्हैस, मंग जमनाबाई. एकच बाण शे."

"पन नेम कोनावर व्हता?" कोणीतरी विचारलं. हेमकांतने लाल डोळ्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. त्या नजरेने माणसं दोन पावलं मागे सरली.

तेवढ्यात गर्दीच्या मागून आवाज आला. "कोन मरनं रे, मन्ह्या खाटवर?"

जमनाबाई उभी होती. डोळ्याला हिरवी पट्टी, हातात औषधांची पिशवी, पायांत सुनेच्या नव्या चपला. ती भल्या सकाळी रिक्षाने नंदुरबारला डोळा दाखवायला गेली होती.

"तूच मरनी व्हती, माय," हिलाल म्हणाला.

"आन माले कोनी सांगं बी नही," जमनाबाई म्हणाली आणि लोकांना बाजूला सारून आपल्या खाटेवर बसली.

हेमकांतला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. त्याने ठेवलंही. पण बाण अजून सापडला नव्हता. तो कोणाच्या पत्र्यावर, कोणाच्या पाळण्यात पडला असेल, या विचाराने तो गल्लीतले पत्रे न्याहाळायला लागला.

अकरा वाजता धुडकूदादा आला, तेव्हा हेमकांत त्याला ओढतच गच्चीवर घेऊन गेला आणि झालं ते धडाधड सांगत सुटला. धुडकूदादाने काही ऐकल्यासारखं दाखवलं नाही. त्याने कामठं उचललं, अंगठा फिरवला. मधोमध केसाएवढी चीर गेली होती.

"रिकामं सोडलं तू."

"नाही दादा. आवाज केवढा झाला, माहितीये? एवढा वेग..."

"बाण असला की दोरी गप असते. सगळा जोर बाण घेऊन जातो. बाण नसला की ओरडते."

हेमकांत मटकन खाली बसला. ऊर्जा कुठे जाते, हे तो पोरांना दर वर्षी प्रयोगातून दाखवत आला होता. "मग पाचवा बाण?"

धुडकूदादाने हनुवटीने दाखवलं. कठड्याशी कामिनीच्या कुंड्या होत्या. तिसऱ्या कुंडीतलं टोमॅटोचं झाड एका काठीला साडीच्या चिंधीने बांधलेलं होतं. काठीच्या वरच्या टोकाला पिसं होती.

"मीच लावा तो सकाळी," मागून आलेली कामिनी म्हणाली. "झाड पडी ऱ्हायंथं. तुमले चार ते शेत ना?"

हेमकांतने बाण उपटला, टोमॅटो आडवा झाला, आणि तो बाण उंच धरून तीन-तीन पायऱ्या गाळत खाली धावला. गल्लीत काका आणि हिलाल अजून रेषाच काढत होते.

"काका, हा देखा पाचवा बाण. तो सुटनाच नव्हता. घरमाच व्हता."

काकांनी बाण हातात घेतला. टोकाला चिखल होता, कामिनीने नुकतंच कुंडीला पाणी घातलं होतं. काकांनी तो बोटाने चोळून पाहिला, हिलालला दाखवला, मग हेमकांतकडे बघून मान डोलावली. आवाजात पहिल्यांदाच आदर होता.

"वली माटी शे. मन्ही टाकीनंच पानी. तू उपटी बी उना?"

"नही काका, ती कुंडीनी..."

"राहू दे रे. टाकीनं मी काय बोलाव नही. पन एवढा नेम शे, ते गावना काम येऊ दे. उसमा रानडुकरं घुसतस. मोठा एक शे, सुळेवाला, कुत्राले फाडं त्यानी. सांजले येजो. आमी बांधवर उभा ऱ्हासूत, तू मधमा जाजो."

हेमकांतने घाईने मागे वळून पाहिलं. चाळीस वर्षं सातपुड्याच्या जंगलात कामठं चालवलेला धुडकूदादा दारात उभा होता, पिशवी खांद्याला, निघायच्या तयारीत.

"दादा, तुम्ही पण चला ना उसात."

"डुकराला मी भितो," धुडकूदादा म्हणाला. "तू जा. बाण न सोडता तू गाव घाबरवलं. असली मूठ मला नाही जमली."