घरचा रस्ता, इयत्ता पहिली

खडकमाळ गावात पहिलीच्या मुलांना एखादी गोष्ट शिकवायची, तर गावातल्या एका मोठ्या माणसाला ती विसरावी लागते. पोहरा भरून काढला की विहिरीतलं तेवढं पाणी कमी होतं, याचं कुणाला नवल वाटत नाही. तसं गावाला याचंही वाटत नाही.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेच्या पटांगणात सभा भरते. दुसऱ्या सत्रात काय काय शिकवायचं ते बाई वाचून दाखवतात आणि कोण काय देणार ते तिथंच ठरतं. देण्याची पाळी आळीआळीनं फिरते. यंदा ती खुटवड आळीची होती, म्हणून द्वारका खुटवड हातातली कामं टाकून आली होती आणि बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसली होती.

भोईटे बाईंनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. "आठवड्याचे वार."

"घ्या माझे," भिकूअण्णा म्हणाले. "म्हशीला कुठं रविवार असतो?"

बुटाची नाडी बांधणं एका चप्पल घालणाऱ्यानं दिलं. शंभरपर्यंतचे आकडे वाण्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी दिले, कारण पोरगा आता त्यांना गल्ल्याजवळ फिरकू देत नव्हता. सगळं कसं झटपट चाललं होतं. देणाऱ्याला अडचण नको आणि मुलांचं अडायला नको, एवढं गाव नेहमीच बघतं.

"शाळेतून आपल्या घरी एकट्यानं जाणं," बाईंनी वाचलं.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. बाई म्हणाल्या, "मागच्या सत्रातही हे राहिलं. याही सत्रात राहिलं तर दुसरीतसुद्धा पोरं आईचं बोट धरून यायची."

तेव्हा द्वारकेचे यजमान उठले. त्यांना गाव रंगनाना म्हणतं. नाना एसटीत ड्रायव्हर होते आणि नुकतेच रिटायर झाले होते. "मी देतो," ते म्हणाले. "मला आता कुठं जायचंय? माणूस घरातच बसलेला, त्याला घरचा रस्ता काय करायचाय?"

लोकांना ते पटलं. द्वारकेला मात्र ते पटेना. लग्न झाल्यापासून तिनं या माणसाची वाटच बघितली होती. सणासुदीला जादा गाड्या, लग्नसराईत जादा गाड्या, आणि पोराच्या बारशालासुद्धा हे गृहस्थ कुठल्या तरी घाटात. आता कुठं रोज संध्याकाळी पाटावर बसायला लागले होते. तिला तो माणूस घरात हवा होता, बाकी काही नको होतं.

"अहो, जरा विचार करा," ती तिथूनच म्हणाली.

"केला," नाना म्हणाले, आणि बाईंनी नाव लिहून घेतलं.

घरचा रस्ता नानांनी दिला तो असा. देणाऱ्यानं वर्गात मागच्या बाकावर बसायचं आणि शेवटच्या मुलाला समजेपर्यंत उठायचं नाही, असा नियम आहे. नाना इस्त्रीचा सदरा घालून गेले. बाईंनी फळ्यावर शाळा काढली, देऊळ काढलं, पाण्याची टाकी काढली. मुलांनी आपापलं घर दाखवलं. सगळ्यात शेवटी शेलारांच्या पिंकीला समजलं. घंटा झाली आणि मुलं उधळली, एकटी एकटी, आपापल्या वाटेनं. दारात उभ्या राहिलेल्या आयांना कौतुक आवरेना.

नाना बाकावर बसून होते.

"नाना, शाळा सुटली," बाई म्हणाल्या.

"सुटली खरी. पण जायचं कुठं?"

मग सगळ्यांच्या लक्षात आलं. घरात बसलेल्या माणसाला घरचा रस्ता लागत नाही हे बरोबरच होतं. पण रस्ता द्यायला नाना घराबाहेर येणार, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सरपंच आले, भिकूअण्णा आले, थोडी चर्चा झाली. चूक कुणाची म्हणावी हे काही ठरलं नाही. शेवटी द्वारकेला बोलावलं.

तिला बघून नाना खूश झाले. बायकोला ते ओळखत होते, गावाला ओळखत होते, फक्त घर तेवढं गेलं होतं. तिनं त्यांना देवळावरून, टाकीवरून आणलं. अंगणात त्यांनी चपला अगदी कडेला काढल्या.

"कुणाकडं आलोय आपण?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"आपलंच घर आहे हो."

"ते लोक म्हणतातच तसं," नाना म्हणाले आणि खुर्चीच्या टोकावर बसले.

द्वारकेनं चहा दिला. नानांनी तो बशीत न ओतता कपानंच प्यायला. भिंतीवरच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोकडं बघून ते म्हणाले, "आपला फोटो लावलाय यांनी. माणसं प्रेमळ आहेत." दिवेलागण झाली तसे ते अस्वस्थ झाले आणि तिला खुणा करायला लागले. "चल, निघू आता. लोकांच्या जेवायच्या वेळेला बसून राहणं बरं दिसत नाही."

तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं. ती स्वयंपाकघरात गेली, तिथं थोडा वेळ थांबली, डोळे पुसले आणि बाहेर येऊन म्हणाली, "जेवूनच जा म्हणतात."

"म्हणतात तर जेवू. पण लगेच निघायचं."

जेवण झाल्यावर तिनं आणखी आग्रह आणून दिला, आणि नाना राहिले. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही झालं. भोईटे बाई घरी येऊन म्हणाल्या, "नानांचं नाव पहिलीत घालू. मी शिकवते परत. मात्र दुसऱ्या कुणी तरी द्यावं लागेल."

"मी देते," द्वारका म्हणाली. मग तिनं नीट विचार केला. त्यांना घर सापडायचं आणि ही बाहेर कुठं तरी बसायची. त्यात काय मिळवलं? "नको," ती म्हणाली. "राहू द्या. पोरांना येतंय ना आता?"

"सगळ्यांना येतंय," बाई म्हणाल्या.

पण एका संध्याकाळी नाना हट्टाला पेटले. सदरा घालून, पिशवी घेऊन दारात उभे राहिले. "आता पुरे. किती दिवस पाहुणचार घ्यायचा? उद्या नावं ठेवतील लोक. तू येतेस की मी एकटा जाऊ?"

द्वारकेकडं आता आग्रहाचा शब्द उरला नव्हता. ती उंबऱ्यावर बसली. नानांनी एक पाय बाहेर टाकला, मग काही तरी आठवून वळले.

"निरोप तरी घेऊ. मालक कुठं आहेत? इतके दिवस झाले, एकदा दिसले नाहीत."

"ते बाहेरच असतात," द्वारका म्हणाली. "नोकरीच तशी आहे त्यांची."

"आणि घरची बाई?"

"ती असते. वाट बघते."

नानांनी बाहेर टाकलेला पाय आत घेतला. "कुणी नाही तिला सोबतीला?"

"नाही."

"कसला माणूस म्हणायचा," नाना म्हणाले. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि चपला काढल्या. "मग असं कसं जायचं? तो येईपर्यंत राहू आपण."

द्वारका उठली आणि तिनं पानं घेतली.