बायनाबाईंच्या अंगणातलं वर्तुळ

मी धम्मदीप, चामोर्शीकडच्या एका गावात अकरावीला गणित शिकवतो. कोसाइनच्या किमती घोकायच्या नसतात, जमिनीवर चालून काढायच्या असतात, असं मी स्टाफरूममध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं. माझी पोरं त्या मरेपर्यंत विसरणार नाहीत!

शाळेच्या मैदानावर धान वाळत पडलं होतं, म्हणून शेजारच्या बायनाबाईंचं अंगण मागितलं. म्हातारी एकटीच राहते. मधोमध खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली, ही दोरी म्हणजे एक असं पोरांना सांगितलं आणि पांढऱ्या फक्कीचं वर्तुळ ओढलं. कोनांच्या खुणांसाठी रंगीत खडू नव्हता, तर बाईंनी घरातली हळद दिली. साठ अंशाच्या खुणेवरून आडव्या रेषेवर सरळ खाली उतरलो, तिथून खुंटीपर्यंतचं अंतर मोजलं. बरोबर अर्धी दोरी! खुशीत घरी गेलो. पुसायचं राहिलं.

सकाळी गावातल्या पत्रूचा बैल त्या वर्तुळाच्या काठावर मरून पडला होता.

खुंटी, फक्की, हळद आणि एकटी म्हातारी. करणी ठरवायला गावाला आणखी काय हवं? मी पोचलो तेव्हा बाईंनी आतून कडी लावली होती आणि पत्रू कुऱ्हाड घेऊन दारात उभा होता. हे मी काढलंय, हे कोसाइन आहे, असं मी घाबरत सांगितलं. गर्दी दोन पावलं मागे सरकली. नावच तसं आहे म्हणा!

“दाखवा मंग करून, मास्तर,” पत्रू म्हणाला.

दोरी घेऊन एकशेवीस अंशावर गेलो, रेषेवर उतरलो, मोजलं आणि मोठ्याने सांगितलं, अर्धा.

“उणे अर्धा, सर,” गर्दीतून माझी विद्यार्थिनी हर्षा म्हणाली. “तुमी खुंटीच्या डाव्या बाजूले हाव.”

मी मुकाट्याने चूक मान्य केली. गर्दीतले म्हातारे रामाजीभाऊ पुढे आले.

“पत्रू, कुऱ्हाड ठेव. करणी करणाऱ्याची चूक पोरगी काढत नाई. हा मास्तरच आहे.”

दुपारी जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, बैलाला साप चावला होता. पत्रूने बाईंची माफी मागितली नाही. मलाही धड मागता आली नाही.

महिन्याभराने बाई आठवडी बाजारात दिसल्या. मी तोंड लपवून निघालो होतो, त्यांनीच थांबवलं.

“एकशेवीसले उणे अर्धा,” त्या म्हणाल्या. “दाराआडून आयकलं, मास्तर. आता मरेपर्यंत नाई विसरत मी.”

म्हणजे माझी बढाई खरी ठरली. स्टाफरूममध्ये अजून कोणाला सांगितलेलं नाही.