माणिकरावांचं बराबर

एकोणीसशे एकेचाळीसच्या उन्हाळ्यात, गोरेगावच्या बाजारात शेळीचा भाव करता करता माणिकरावांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला आणि तोंडात एकच शब्द उरला, "बराबर." तहान लागली तरी बराबर, विंचू चावला तरी बराबर. डोक्यात सगळं जिथल्या तिथं होतं, पण बाहेर पडताना त्याचं बराबर व्हायचं, आणि ते ऐकून सगळ्यात जास्त ओशाळायचे ते माणिकरावच. बायको सखुबाई मात्र ओळखायची. डावा हात मांडीवर आपटला की समजायचं, नाही.

पोलीसपाटील उकंडरावांना या आजारात मोठा गुण दिसला. निजामाचं राज्य असल्याने पंचनामा उर्दूत लिहिला जाई. तो पंचांना वाचून दाखवत, आणि न कळता कबूल करणं हे पंचाचं कर्तव्य असे. इतर पंच आधी खोकत, डोकं खाजवत. माणिकराव तत्काळ बराबर म्हणत. वर्षभरात ते अकरा पंचनाम्यांचे पंच झाले. मांडी आपटून आपटून लाल व्हायची, पण मांडीसाठी कागदात रकाना नव्हता.

बारावा कागद त्यांच्याच विहिरीजवळच्या मळ्याचा निघाला. हा मळा माणिकराव राजीखुशीने उकंडरावांना देत आहेत, असं त्यात लिहिलं होतं. कचेरीतल्या पेशीला, म्हणजे सुनावणीला, तीन महिने होते. सखुबाईने नवऱ्याला रोज चुलीपुढे बसवलं.

"म्हना, न्हाई."

"बराबर."

"पुन्यांदा म्हना."

सदरा घामाने भिजायचा. तालुक्याच्या कचेरीत पेशकाराने, म्हणजे नायब तहसीलदाराने, कागद वाचला आणि विचारलं, "राजीखुशीनं देऊन राहिले ना?"

माणिकरावांच्या मानेच्या शिरा ताणल्या. "न्... न्हाई."

सखुबाईला रडू आवरेना. पेशकाराने लेखणी खाली ठेवली आणि अकरा पंचनामे मागवले. "हा इसम अकरा बार साफ बोलला. आजच काहून बिघडला?"

"बीमारी वाढली, साहेब," उकंडराव हळहळले.

बिघडलेल्या वाचेचा नकार ग्राह्य धरता येत नाही, असं ठरलं. खात्रीसाठी बाहेर बसलेली गावची नऊ माणसं आत आली. त्यांतल्या चौघांनी सकाळीच सखुबाईच्या हातची भाकरी खाल्ली होती.

"याची बीमारी वाढली, बराबर?" पेशकाराने विचारलं.

नऊही जणांनी फरशीकडे बघत सांगितलं, "बराबर."

मळा गेला. सखुबाई त्या नऊ जणांपुढे जाऊन उभी राहिली. "यांच्या अंगावरून वारं गेलं म्हून एक शबद ऱ्हायला. तुमच्या कधी गेलं?"

नऊही जण आपापल्या वहाणा शोधू लागले. निकाल चुकीचा होता, असं वाचणाऱ्यालाही वाटत असेल. मग तसं मोठ्याने म्हणून बघा. लगेच जमणार नाही. माणिकरावांना तीन महिने लागले होते.