तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

"तू नदी ओलांडून इकडे राहायला आलास, पण तुझं नाव तिकडेच राहिलं," मतदान केंद्रावर याद्या सांभाळणारी आर्डिस म्हणाली. "या केंद्राच्या यादीत तू नाहीस."

वेंडेलने चर्चच्या तळघरातल्या घड्याळाकडे पाहिलं. आठला मतदान बंद होणार होतं. चार वर्षांपूर्वी त्याची थोरली बहीण मार्लिस नगर परिषदेच्या निवडणुकीत एका मताने पडली होती आणि त्या दिवशी वेंडेल तळ्यावर मासे धरत बसला होता. तेव्हापासून ती त्याला दर रविवारी जेवायला बोलवायची आणि एक शब्दही न बोलता मासाच वाढायची. आज ती पुन्हा उभी होती.

"मग आत्ता नोंदव. आपल्या मिनेसोटात मतदानाच्या दिवशीही नोंदवता येतं ना?"

"येतं की. पत्त्याचा पुरावा दे."

गाडीच्या परवान्यावर जुना पत्ता होता. बिलंही अजून जुन्याच घरी जात होती.

"मग याच भागातला एखादा मतदार आण. तू इथे राहतोस अशी शपथ घेऊन त्याने सही केली की झालं."

"तूच कर ना, आर्डिसमावशी. मी पाळण्यात होतो तेव्हापासून ओळखतेस मला."

"मी नदीपलीकडची. तुझा पाळणाही पलीकडचाच."

तेवढ्यात मत देऊन निघालेली एक बाई थांबली. ती रेनाटा, वेंडेलच्या नव्या घराची शेजारीण. "हे माझ्या शेजारी राहतात. मी करते सही."

वेंडेलच्या जिवात जीव आला आणि तोंडातून आपोआप निघालं, "नको, नको. तुम्हाला कशाला त्रास."

त्या गावात कॉफीसुद्धा पहिल्या विचारण्याला कोणी घेत नसे. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'बरं, अगदी अर्धा कप' म्हणायचं. विचारणाराही न चुकता तीनदा विचारायचा. रेनाटा मात्र गेल्याच वर्षी न्यू जर्सीहून आली होती.

"नक्की?" तिने विचारलं.

"नक्की. निघालाच आहात, तर निघा." दुसरा नकार झाला. आता वेंडेल तिसऱ्या विचारण्याची वाट पाहू लागला.

"बरं," म्हणून रेनाटा जिना चढून गेली.

आर्डिसने चष्म्यावरून पाहिलं. "ती गेली रे."

"येईल. अजून एकदा विचारायचं राहिलंय."

"अरे बाबा, ती बाहेरची आहे. तिच्याकडे नको म्हणजे नकोच."

वेंडेलचा चेहरा उतरला. "मी तिला घेऊन येतो. रांगेतली जागा धरशील?"

"जागा कोणाची धरता येत नाही. आठच्या आत परत ये. नाहीतर मार्लिसला काय सांगायचं ते तू बघ."

वेंडेल धावला. रेनाटाने गाडी सुरू केली होती. त्याने काचेवर टकटक केली.

"काय झालं?"

"काही नाही," तो धापा टाकत म्हणाला. "थंडी पडलीय."

"पडलीय."

"बर्फातले टायर बसवलेत का तुम्ही?"

"अहो, घरी मुलं जेवायची थांबलीत माझी."

खाली एव्हाना आर्डिस दार लावायला उठली असेल. वेंडेलने डोळे मिटले. हे वाक्य त्याने उभ्या जन्मात कोणाला म्हटलं नव्हतं. "तुम्ही... माझ्यासाठी सही कराल का?"

"मघाशी मी तेच तर म्हणत होते." रेनाटाने गाडी बंद केली. "तहान लागली की पाणी कसं मागता हो तुम्ही लोक?"

दोघं जिन्यावरून अक्षरशः घसरत खाली आले, तेव्हा आर्डिसचा हात दाराच्या मुठीवर होता. रेनाटाने शपथ घेऊन सही केली. वेंडेलने मार्लिसच्या नावापुढचा गोल इतका जपून भरला, की शाई रेषेबाहेर जरासुद्धा गेली नाही.

सकाळी निकाल कळला. मार्लिस पुन्हा एका मताने पडली होती. वेंडेल तडक तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला.

"ताई, मी मत दिलंय. आर्डिसला विचार हवं तर."

"ठाऊक आहे. सगळं गाव तेच बोलतंय." ती ओटा पुसत राहिली.

"एकच मत कमी पडलं. कोण फिरलं असेल गं?"

मार्लिसचा हात थांबला. "मी ग्लेनला दिलं."

"ग्लेनला? तो तर तुझ्याच विरुद्ध उभा होता."

"मग काय स्वतःलाच मत देऊ? बरं दिसतं का ते?"

वेंडेल हळूच खुर्चीवर बसला. "आणि चार वर्षांपूर्वी?"

"तेव्हाही त्यालाच."

"मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"