पाऊस नसलेला वर्षावास

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावात छत्री उघडून फिरणारा एकच माणूस होता, किसनमामा. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि हे तिन्हीसांजेला छत्रीसकट विहारात हजर! कुणी हसलं, तर म्हणायचे, "वर्षावास सुरू हाय. पाऊस चुकला, म्हणून आपण चुकायचं व्हय?"

वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने. त्यात आमच्या बौद्धवस्तीत रोज बुद्धांच्या चरित्राचं वाचन होई. मामा स्वतः वाचत नसत. आम्हा पोरांना पाळीनं वाचायला बसवत आणि डोळे मिटून ऐकत.

मी तेव्हा चौदाची. गावातली शाळा सातवीला संपलेली, दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, आणि अक्कल म्हणाल तर त्या खडीपेक्षा बारीक. मामांनी विचारलं, "पोरी, पुढं काय करायचं ठरवलंस?"

मी म्हटलं, "झोपायचं."

एकदा घरी लवकर पळता यावं म्हणून मी चार पानं गुपचूप उलटली. मामांचे डोळे मिटलेलेच. "थांब थांब. आत्ता तर राजपुत्र महालात जेवत हुता. एवढ्यात झाडाखाली कसा बसला? एस्टीनं गेला का?"

पोरं खिदळली. शिक्षा म्हणून रोजची पाळी माझीच.

पण आठवड्याभरात माझंच काहीतरी बिघडलं. खडी फोडताना मनात यायचं, सगळं असताना हा माणूस कशाच्या शोधात निघाला? मग माझ्याकडं तर काहीच नाही, मी का बसून राहिलेय? मामांना विचारलं तर म्हणायचे, "मला काय ठावं? वाच पुढं."

वर्षावास संपला, आणि मी घरात जाहीर केलं, "मला लोहाऱ्याच्या बोर्डिंगात राहून शिकायला जायचंय."

वडील म्हणाले, "येडी झाली पोरगी. हिच्या लग्नाचं बघा."

मामा आमच्या ओट्यावर येऊन बसले. "तिला शिकू द्या." वडील नाही म्हणाले, की उठायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओट्यावर. जूनपर्यंत वडीलच थकले.

एस्टीत बसवायला मामाच आले. खिडकीतून मी विचारलं, "मामा, यंदा वाचणार कोण?"

"म्या वाचीन की. चांगलं घडाघडा येतंय मला."

"मग आमाला कशाला राबवलं तुमी?"

त्यांनी खिडकीचा गज धरला. "घरी दिसभर माझा एकट्याचाच आवाज असतोय, पोरी. सांजेला तुझा ऐकला, की तोच कानात घेऊन निजायचो."

पेटी उचलून मी खाली उतरायलाच निघाले. तेवढीच अक्कल! मामांनी बाहेरून पत्र्यावर थाप मारली आणि ड्रायव्हरवर ओरडले, "सोडा की गाडी! कुणाची वाट बघताय?"