आवाज गेलेली दारं

लेकीच्या सासरी, तेही परदेशात, नाताळची सुट्टी काढायची म्हणजे टेलरकाकांना मापं द्यायला उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकासारखं झालं होतं. हात कुठे ठेवावेत तेच कळेना. बायको गेल्यानंतरचा हा पहिलाच डिसेंबर, म्हणून लेकीने न विचारता तिकीट पाठवलं होतं. जावई ड्युटीवर बाहेरगावी. घरात लेक, व्याही, विहीणबाई आणि व्याह्यांचे वडील; त्यांना सगळे आजोबा म्हणत. माणसं चांगली होती. इतकी चांगली, की काकांना स्वतःचा कपही विसळू देत नव्हती.

बायको असती तर म्हणाली असती, लोकांच्या घरी नुसतं बसून खाऊ नका, काहीतरी कामाला या.

काम समोरच होतं. घरातलं एकूण एक दार कुरकुरत होतं. बाथरूमचं बारीक आवाजात, कोठीच्या खोलीचं कण्हल्यासारखं, आणि गॅरेजकडचं तर म्हशीसारखं रेकायचं. काकांच्या बॅगेत शिलाई मशीनच्या तेलाची कुपी होती. ती खरं तर त्यांनी स्वतःच्या घरच्या दारासाठी घेतली होती. ते दार कुरकुरलं की आतून बायको "आलात का?" म्हणायची. आता दार कुरकुरायचं आणि पुढे काहीच नाही. ते ऐकवेना म्हणून कुपी आणली, पण दाराला हात लावायचा धीर झाला नाही. कुपी तशीच सामानातून परदेशी आली.

नाताळच्या आदल्या दिवशी सगळे बाजारात गेले आणि आजोबा खुर्चीत डुलक्या घेऊ लागले, तेवढ्यात काकांनी घरभर फिरून सगळ्या बिजागऱ्यांना तेल पाजलं. दारं लोण्यासारखी फिरू लागली. कुणाला काही सांगायचं नाही, आपोआप कळू दे, असं ठरवून ते पेपर उघडून बसले.

कळलं, पण वेगळ्याच रीतीने. सगळे परतल्यावर आधी बाथरूमचं दार गुपचूप उघडून लेक बाहेर आली आणि पाठमोऱ्या उभ्या असलेल्या विहीणबाईंच्या हातून दचकून काचेचं भांडं सुटलं. काकांनी पेपर जरा वर धरला. मग पाहुण्यांसाठी ठेवलेला केक अर्धाच उरल्याचं लेकीला दिसलं. विहीणबाई तडक कोठीत गेल्या. तिथे व्याही उभे होते, मिशीला साखर लागलेली.

"तुम्ही आत कधी आलात? दार वाजलं कसं नाही?"

व्याह्यांना डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं. स्वयंपाकघरात पाठ करून उभं राहिलं तरी कोण कुठे शिरलं हे विहीणबाईंना दारांच्या आवाजावरून समजायचं. तोच त्यांचा पहारा होता. तेवढ्यात विहीणबाई थबकल्या. आजोबांची खुर्ची रिकामी होती.

आजोबा एकदा पायरीवरून पडल्यापासून त्यांना एकटं सोडत नसत. उठले की दार वाजे, दार वाजलं की कुणीतरी मागे धावे. आज काहीच वाजलं नव्हतं. बाहेर तर कडाक्याची थंडी. व्याही कोट उलटा घालून रस्त्यावर पळाले, लेक शेजाऱ्यांकडे गेली. म्हाताऱ्याला काही झालं, तर लेकीने या घरात मान वर कशी करायची? काकांनी कुपी काढून विहीणबाईंसमोर ठेवली.

"दारांना मी तेल घातलं. विचारलं नाही, चुकलं माझं."

विहीणबाईंनी कुपीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि "गॅरेजच्याही?" म्हणत त्या तिकडे धावल्या. काका मागोमाग.

आजोबा बंद गाडीत, ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते. अंगावर कोट, कानटोपी, हात स्टिअरिंगवर, चेहरा अगदी समाधानी. विहीणबाईंना तिथेच पायरीवर बसावं लागलं. त्या रडल्या, मग हसल्या, मग सासऱ्यांना विचारलं, की एवढं काय होतं इथे?

"काही नव्हतं, कुणी नव्हतं, सूनबाई. तेच तर हवं होतं," आजोबा म्हणाले.

काकांना कुणी रागावलं नाही. व्याही तर मिशी पुसत म्हणाले, की टेलरसाहेब, एवढा चांगला केक मी चार वर्षांत खाल्ला नव्हता. पण बंदोबस्त हवाच होता. विहीणबाईंनी नाताळच्या झाडावरच्या छोट्या घंटा उतरवल्या आणि काकांनी प्रत्येक दाराला एकेक शिवल्यासारखी घट्ट बांधली. झाड बोडकं झालं, घर किणकिणू लागलं. शेवटी एकदाचं या घरात काम मिळालं म्हणून काकांना जेवण गोड लागलं.

जेवणानंतर आजोबांनी त्यांना हळूच बाजूला घेतलं.

"गॅरेजच्या घंटेचं काही करता येईल का? फार नको. अर्ध्या तासापुरतं."

"बघतो," काका म्हणाले. मग आजोबांची पाठ वळताच विहीणबाईंकडे गेले आणि त्यांच्या कानात ते सांगितलं. त्या आजोबांकडे न बघता हळूच म्हणाल्या, "चालेल. पण कानटोपी घालूनच." काकांनी घंटेच्या लोलकाला दोरा गुंडाळून तो गप्प केला. आजोबांना वाटलं, आपण सुनेला फसवलं. दोघांनी त्यांना तसंच वाटू दिलं.

निघायच्या दिवशी लेक बॅग भरत होती.

"बाबा, तुमची कुपी राहतेय. घरच्या दाराला तेल घालायचंय ना?"

"आजोबांना दे ती," काका म्हणाले. "आपलं दार वाजू दे. कोण आलं ते कळतं."