एक इंचाचा मणी

संघमित्राने कागदाचा मणी पाण्याच्या ग्लासात टाकला आणि ती हाताची घडी घालून अशी उभी राहिली, जणू मणी नाही, रॉकेटच सोडलंय.

"मोजा मावशी, शंभरपर्यंत!"

पुष्पाबाई मोजायला लागल्या. एकवीसला त्यांना कंटाळा आला. त्यांनी मणी बाहेर काढला, चिमटीत दाबला आणि शेवटी दातांनी चावूनही पाहिला. मणी जसाच्या तसा.

"कागदना शे का हाऊ खरंच?"

"अगदी जुन्या कागदाचा! वर वॉर्निशचे तीन हात दिलेत. वरातीत कितीही घाम येऊ द्या, याला काही होणार नाही."

गोष्ट अशी होती, की पुष्पाबाईंच्या मुलाचं, जीवनचं लग्न रविवारी धुळ्याला होतं. घरच्या सात बायकांनी एकाच रंगाच्या, जांभळ्या साड्या घेतल्या होत्या. सातही ब्लाऊज शिवायला आले होते संघमित्राच्या आईकडे, म्हणजे दिपमालाबाईंकडे. अमळनेरच्या त्या गल्लीत दिपमालाबाई अठरा वर्षं पुढच्या खोलीत मशीन चालवत होत्या. पाठीला बांधायच्या गोंड्यांचा, म्हणजे लटकनांचा विषय निघाला आणि संघमित्राने मध्येच तोंड घातलं.

ती घालणारच. गेल्याच महिन्यात शाळेच्या प्रदर्शनात तिच्या कागदी मण्यांच्या हाराला पहिला नंबर मिळाला होता. परीक्षक मॅडमनी पट्टी काढून मणी मोजले होते आणि माईकवरून सांगितलं होतं, "प्रत्येक मणी बरोबर एक इंच! केसभर फरक नाही!" त्या दिवसापासून पोरीची मानही एक इंच लांब झालीय, असं दिपमालाबाईंचं म्हणणं होतं.

"सात ब्लाऊज, दोन-दोन लटकनं, एकेकात पाच मणी. सत्तर मणी. बुधवारी तयार!" संघमित्राने जाहीर केलं.

"आणि चाचणी परीक्षा?" आईने विचारलं.

"ती पुढच्या आठवड्यात आहे गं. लग्न आधी आहे."

या युक्तिवादापुढे पुष्पाबाईंनीच मान डोलावली, मग आई काय बोलणार!

आता कागद हवा. "पलंगाखालची पिशवी घे, रद्दी आहे," आई मशीनवरून मान न उचलता म्हणाली. संघमित्रा पलंगाखाली सरपटत गेली. तिथे एकाच साडीच्या दुकानाच्या दोन सारख्या पिशव्या होत्या. एकीत नुसतीच वर्तमानपत्रं, करडी आणि कंटाळवाणी. दुसरी उघडली आणि तिचे डोळे चमकले. हीही वर्तमानपत्रंच, पण वाकड्यातिकड्या आकारात आधीच कापलेली. आणि त्यांवर स्केचपेनच्या लाल-निळ्या रेघा! गुंडाळल्यावर या रेघांची प्रत्येक मण्यावर वर्तुळं उमटणार होती. आई वरवर रागावते, पण आतून किती कौतुक तिला! चक्क कापून, रंगवून ठेवलं बिचारीने!

तसं पाहिलं तर टेलरच्या मुलीला ब्लाऊजचं कागदी कटिंग ओळखता यायला हवं. पण सुई-दोरा दिसला की ही मुलगी लहानपणापासून अंगणात पळ काढत आलेली. शिवाय आईची सगळी कटिंगं मशीनमागच्या खुंटीला टांगलेली असायची. ती परवाच मुंग्या लागल्या म्हणून खुंटीवरून पिशवीत गेली होती, हे तिला कोण सांगणार?

मग कामाला असा काही वेग आला! तळाशी बरोबर एक इंच आणि टोकाला निमुळत्या अशा पट्ट्या कापायच्या, उदबत्तीच्या काडीवर गुंडाळायच्या, शेवटाला गोंद, वर वॉर्निश. मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी सत्तर मणी ताटात झळकत होते. नमुन्याला दहा जास्तीचे केले. पिशवी तळापर्यंत रिकामी झाली, उरलेले तुकडे तिने शहाण्या मुलीसारखे कचऱ्याच्या गाडीत टाकले.

बुधवारी सकाळी दिपमालाबाईंनी जांभळं कापड पसरलं, पलंगाखालून पिशवी ओढली. करडी वर्तमानपत्रं. दुसरी पिशवी ओढली. आत नुसती हवा.

"मित्रा, यातली कटिंगं कुठंयत गं?"

"कसली कटिंगं?" असं म्हणत ती अभिमानाने ताट घेऊन आली. "आधी हे बघ! तुझ्या लाल रेघा कशा आल्यात!"

आईने एक मणी उचलून उजेडात धरला. निळ्या वर्तुळाशेजारी तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'ताईबाई कं'. पुढचं सगळं आत गुंडाळलं गेलं होतं. दिपमालाबाई हळूच स्टुलावर बसल्या.

"अठरा वर्षांची मापं होती ती," त्या म्हणाल्या. "सगळ्या गल्लीची."

संघमित्राची एक इंच लांब झालेली मान सर्रकन आत गेली. तिने एक मणी गरम पाण्यात टाकला. दहा मिनिटं. वीस मिनिटं. मणी मजेत तरंगत राहिला. त्या क्षणी तिला वॉर्निशच्या त्या तीन हातांचा इतका राग आला, की विचारू नका. पिनेने कुरतडून एक मणी कसाबसा उलगडला. आत सापडलं, 'गळा ८'. कोणाचा गळा, ते दुसऱ्या कुठल्या तरी मण्यात!

"मग पुन्हा मापं घेऊ ना! सातच तर बायका आहेत."

आईने तिच्याकडे दयेने पाहिलं. "मापं? या बायकांची? जा, तूच घेऊन ये."

संघमित्रा टेप गळ्यात अडकवून निघाली. लग्नघरी ओसरीवर बायका तांदूळ निवडत होत्या. टेप दिसताच पुष्पाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"माप? तुनी मायजोडे मनं माप शे ना! बारा वरीसफाईन तेच शे. मी काय जाडी व्हयनू का?"

"नाही मावशी, फक्त खात्री..."

"दिपमालाले आते आमनावर भरोसा नही का?"

शेजारी त्यांची जाऊ ताईबाई. त्या तर पोट आत ओढूनच बोलल्या, "इतला वरीस कटिंग संभाळी ठेवस म्हनीसन तर आम्ही तिनाजोडे जातस! नहीतं मापनं ब्लाऊज मांगनारा टेलर कमी शेतस का गावमा?"

"बरं, मापाचं ब्लाऊज तरी द्या," संघमित्रा काकुळतीने म्हणाली. ताईबाईंनी ट्रंकेतून स्वतःच्या लग्नातलं ब्लाऊज काढून दिलं. ते संघमित्रालाही दंडात घट्ट झालं असतं.

फक्त खाटेवर बसलेल्या द्रौपदाअक्का, म्हणजे पुष्पाबाईंच्या सत्तरीच्या सासूबाई, हात वर करून म्हणाल्या, "मनं ले वं पोरी. मले टेपनं भेव नही." एवढं एक माप घेऊन ती परत आली. बाकी सहा? शनिवारी संध्याकाळपर्यंत शिवून द्यायचे. कटिंगं गेली म्हणून सांगावं, तर अठरा वर्षांचा विश्वास गेला. न सांगावं, तर ब्लाऊज कशावरून बेतायचे? आई कात्री हातात घेऊन नुसती जांभळ्या कापडाकडे बघत बसली होती. चूक पोरीची, पण नाव तिचं जाणार होतं. संघमित्राला पहिला नंबर आल्यापासून पहिल्यांदाच रडू आलं. रडता रडता चाळा म्हणून ती मणी दोऱ्यात ओवत होती. एक, दोन, तीन. एक इंच, दोन इंच, तीन...

ती एकदम थांबली. नाक पुसलं.

"आई! मणी एक इंचाचा आहे!"

"माहितीय. माईकवरून सांगितलं होतं."

"अगं, म्हणजे ही माळ नाही, हा टेप आहे!"

तासाभरात ती पुन्हा लग्नघरी हजर. या वेळी गळ्यात टेप नव्हता. हातात पन्नासेक मण्यांची झगझगीत माळ होती.

"मावशी, लटकनांबरोबर मी सगळ्यांना मण्यांचे कमरपट्टे करणार आहे. बाजूबंद आणि हारसुद्धा. माझ्याकडून भेट! जरा लावून बघू?"

टेपला भिणाऱ्या बायका माळेवर अशा तुटून पडल्या, की रांग लावावी लागली. ताईबाईंचा दंड झाला, हार म्हणून छातीवरून, पाठीवरून माळ फिरली, मग कंबर. संघमित्रा मनातल्या मनात मणी मोजत होती आणि तोंडाने "वा, काय दिसतंय!" म्हणत होती. पुष्पाबाईंची पाळी आली. त्यांनी श्वास आत ओढला.

"एकेचाळीस," संघमित्रा पुटपुटली.

"काय एकेचाळीस?"

"मणी, मावशी. मण्यांचा हिशेब लागतो ना. श्वास सोडा बरं. पट्टा नाचताना तुटायला नको."

"हा, नाचनं तर शे मले!" असं म्हणून पुष्पाबाईंनी श्वास सोडला. सर्रकन चार मणी पुढे! संघमित्राने पंचेचाळीसचा आकडा तळहातावर बॉलपेनने लिहिला आणि लगेच मूठ मिटली. खाटेवरून द्रौपदाअक्का हे सगळं बघत होत्या आणि पदर तोंडाशी धरून कशाला तरी हसत होत्या.

घरी येऊन संघमित्राने दोन्ही तळहात आईपुढे उघडले. आकडे बघून दिपमालाबाईंनी डोळेच मिटले. "अरे देवा! आणि मी दरवर्षी आतली शिलाई अर्धा-अर्धा इंच उसवून ब्लाऊज सैल करत होते!" उंची आणि गळे त्यांनी आयुष्यभराच्या नजरेने बेतले. मग तीन दिवस मशीन खडखडत राहिली. संघमित्राने माळ तोडून लटकनं ओवली आणि आयुष्यात पहिल्यांदा हातात सुई धरून ती टाचली. बोटाला नऊ वेळा टोचली, पण ती पळाली नाही.

रविवारी धुळ्यात वरात निघाली. मायलेकी पाहुण्यांच्या घोळक्यात, पण लक्ष सगळं सात जांभळ्या पाठींवर. या घरच्या कुठल्याही वरातीत दोन गाण्यांच्या आत एखादा हूक तुटायचाच, म्हणून दिपमालाबाई पर्समध्ये सेफ्टी पिनांचं पाकीट घेऊनच जायच्या. पहिलं गाणं झालं. तिसरं झालं. पुष्पाबाईंनी दोन्ही हात वर करून गिरकी घेतली. संघमित्राने डोळे घट्ट मिटले.

काही झालं नाही. एक टाका उसवला नाही. लटकनं मात्र बेभान नाचत होती. 'ताईबाई कं' लिहिलेल्या मण्यातून ताईबाईंची बारा वर्षांपूर्वीची कंबर द्रौपदाअक्कांच्या पाठीवर झुलत होती, आणि जगात हे मायलेकी दोघींनाच ठाऊक होतं.

मंगळवारी पुष्पाबाई दारात उभ्या राहिल्या. मागे ताईबाई, काठी टेकत द्रौपदाअक्का. दिपमालाबाईंचा पाय मशीनवर जागीच थांबला.

"दिपमाला, एक सांगू का? राग नको मानू." पुष्पाबाई स्टूल ओढून बसल्या. "बारा वरीस तू मनं ब्लाऊज चुकीनं शिवी ऱ्हायंती. आते जमनं तुले! असं ब्लाऊज मी कवय घालं नव्हतं."

"माझं चुकत होतं?" दिपमालाबाईंच्या तोंडून निघालं.

"मंग काय! माप तर तेच व्हतं ना मनं?"

दिपमालाबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने छताकडे पाहिलं.

"हो ताई," दिपमालाबाई गोड आवाजात म्हणाल्या, "माप तेच होतं. माझंच चुकत होतं."

"तर मंग! आते हेच कटिंग जपी ठेव. परत माप मांगानं नही." पुष्पाबाई उठल्या आणि दारात वळल्या. "आनि पोरी, आमना कमरपट्टा कवय देशी?"

संघमित्राचं हसू जागच्या जागी वाळलं. पुष्पाबाईंचे पंचेचाळीस, ताईबाईंचे एकेचाळीस... सात कमरा! पावणेतीनशेच्या वर मणी! आणि बाजूबंद, हार वेगळेच. चाचणी परीक्षा परवा!

द्रौपदाअक्का तिच्याजवळ वाकल्या आणि कानात म्हणाल्या, "मनं पहिलं करजो. त्या मन्या इंचना शेतस, हाई मी कोनलेच सांगाव नही." मग काखेतली पिशवी तिच्या हातात दिली. "हाई ले. जीवनना लगनन्या पत्रिका उरन्यात."

जाड, चकचकीत, लाल-सोनेरी कागद! याचे मणी काय दिसतील! संघमित्राने कात्रीकडे हात नेला. पण त्याआधीच दिपमालाबाईंनी नव्या कटिंगांची पिशवी खाली घेतली, तिच्यावर पक्की बैठक मारली आणि हात पुढे केला.

"आण इकडे त्या पत्रिका."

आणि चष्मा लावून त्यांनी पहिली पत्रिका दोन्ही बाजूंनी, अगदी 'कृपया आहेर आणू नये' या ओळीपर्यंत, वाचून काढली.

"हं," त्या म्हणाल्या, "ही काप. दुसरी दे."